खाऱ्या हवेत नट आवळताना

सायकलच्या नट-बोल्टला तेलाचा थेंब मिळतो तो बहुधा तो जाम झाल्यावर. बसवताना मात्र बोल्ट कोरडाच घ्यायचा, फार तर फडक्याने पुसायचा आणि पान्यावर जोर देऊन आवळायचा, अशी सर्वसाधारण रीत आहे. तिच्यामागचा तर्क साधा आहे: तेल लावलं की घसरणार, आणि घसरणारा नट आज ना उद्या सुटणार. हा तर्क इतका पटण्यासारखा आहे की तो कुणी तपासून पाहत नाही. पण वसई-विरारमध्ये तो तपासायलाच हवा. पाववाल्याची मागे मोठी पेटी बांधलेली काळी सायकल, वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणाऱ्या कामगाराची सायकल आणि रविवारी पहाटे अर्नाळा-राजोडीकडे निघणाऱ्या हौशी मंडळींची गिअरची सायकल, या तिन्ही एकाच खाऱ्या हवेत राहतात. माझं म्हणणं असं आहे की या हवेत कोरडा आवळलेला बोल्ट दोनदा फसवतो. आवळताना तो घट्ट झाल्याचा भास होतो, पण जोडावर हवा तेवढा दाब आलेला नसतो. आणि पुढे जेव्हा तो सोडायचा असतो तेव्हा तो सुटत नाही. आट्यांना ग्रीस लावून, पण मोजून आवळलेला बोल्ट या दोन्ही बाबतींत सरस ठरतो.

आधी हवेकडे पाहू. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे खरं, पण गंज चढवायला पाऊस लागतोच असं नाही. पाचूबंदर, रानगाव, भुईगाव, कळंब या किनाऱ्यावर लाटा फुटतात तेव्हा खाऱ्या पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब वाऱ्यावर आत येतात. नायगाव-वसईच्या बाजूला खाडी आणि मिठागरं आहेत. हे थेंब वाळले की धातूवर मिठाचा डोळ्यांना न दिसणारा थर राहतो. साध्या मिठाचा गुणधर्म असा की हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलीच वाफ ओढून घेतं आणि स्वतः विरघळतं. पावसाळ्यात दमट होऊन गोळे झालेलं मीठ प्रत्येक घरात दिसतं, त्यामागे हेच कारण आहे. समुद्राच्या मिठात शिवाय मॅग्नेशियम क्लोराइड असतं, आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेलाही पाणी धरू लागतं. म्हणजे छपराखाली, पावसाचा एक थेंबही न लागता उभी असलेली सायकल वसईत बराच काळ मिठाच्या पातळ द्रावणाने ओली असते. दिसायला कोरडी, पण गंजायला पुरेशी ओली.

हे द्रावण सर्वांत जास्त नुकसान करतं ते आट्यांच्या आत. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते, आणि अशा अरुंद फटीत पाणी आपोआप खेचलं जातं. एकदा आत शिरलं की ते लवकर वाळत नाही, कारण तिथे वारा पोचत नाही. बाहेरच्या तोंडाशी प्राणवायू भरपूर आणि आत कमी, या फरकामुळेच आतला भाग आधी झिजू लागतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक, कधी कधी सहापटीपर्यंत जागा व्यापतो. त्या केसाएवढ्या फटीत तो फुगून बसला की नट जणू आतून ठोकून बसवल्यासारखा अडकतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये पोलादी बोल्ट असेल तर आणखी एक भर पडते: खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत साचते. अशा सायकलीचा बाटली अडकवण्याचा बोल्ट सोडताना फ्रेममधली आट्यांची बुशच फिरू लागते ती यामुळे. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा-वसईत पाणी साचून पश्चिम रेल्वेची गाडी खोळंबली, तशा दिवसांत चाकाच्या आसापर्यंत पाण्यात राहिलेल्या सायकलींची तर गोष्टच वेगळी. ग्रीस इथे पहिलं काम करतं ते फट भरण्याचं. ती जागा आधीच भरलेली असेल तर मिठाच्या पाण्याला आत यायला वावच उरत नाही.

गंजापुरता हा मुद्दा बहुतेकांना मान्य होईल. खरा वाद आहे तो घट्टपणाचा, आणि त्यासाठी बोल्ट आवळला जातो म्हणजे नेमकं काय होतं ते बघावं लागेल. बोल्ट आवळताना तो ताणला जातो. पोलाद लवचीक आहे, त्यामुळे ताणलेला बोल्ट पूर्ववत व्हायला बघतो आणि मधल्या वस्तूंना दाबून धरतो. जोड घट्ट राहतो तो या ताणामुळे. हा ताण किती सूक्ष्म असतो ते हिशेब केल्याशिवाय लक्षात येत नाही. हँडलच्या स्टेमवर असतो तसा ५ मिलिमीटर व्यासाचा बोल्ट घ्या. तो नीट आवळला की सुमारे ५,००० न्यूटन, म्हणजे पाचशे किलो वजनाएवढ्या बळाने ताणला जातो. त्याच्या आट्यांचा उपयोगी छेद सुमारे १४ चौरस मिलिमीटर धरला आणि पकडीची लांबी १५ मिलिमीटर असली, तर तो लांबतो अवघा मिलिमीटरचा चाळिसावा भाग. माणसाच्या केसाच्या निम्म्याहूनही कमी. पाचशे किलोंची सगळी पकड एवढ्याशा लांबण्यावर उभी असते. आता नटाखाली रंगाचा थर, गंजाची खपली किंवा वाळूचा कण राहिला आणि चार दिवसांच्या खडखडाटाने तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा चेपला, तर जवळजवळ चाळीस टक्के ताण गेला. नट मात्र जागचा हललेला नसतो. नवी सायकल काही आठवडे चालल्यावर सगळे नट पुन्हा आवळून घ्यायला सांगतात ते याच कारणासाठी.

आता पान्यावर आपण लावलेला जोर कुठे जातो ते पाहा. यंत्रशास्त्रात मान्य असलेला ढोबळ हिशेब असा: साधारण निम्मा जोर नटाच्या किंवा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात संपतो, सुमारे ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतो फक्त दहाएक टक्के. नव्वद टक्के खर्च घर्षणावर होत असेल तर घर्षणातला थोडासा फरकही त्या उरलेल्या दहा टक्क्यांना कुठल्या कुठे नेतो. पाच न्यूटन-मीटरने आवळलेल्या त्याच बोल्टमध्ये कोरड्या, स्वच्छ आट्यांवर अंदाजे ५,००० न्यूटन ताण येतो, आणि ग्रीस लावल्यावर ६,५०० न्यूटनच्या आसपास. आटे गंजलेले असतील तर किती येईल ते सांगताच येत नाही. हाताला मात्र सगळ्यांत घट्ट तोच लागतो. करकरत, अडखळत फिरणारा नट हाताला जे सांगतो ती घर्षणाची बातमी असते, ताणाची नव्हे. मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. कोरडा बोल्ट नेहमी सैल असतो असं नाही. तो किती घट्ट आहे हे कळायचा मार्गच तो बंद करतो. स्टेमवर चार बोल्ट असतील आणि प्रत्येकाचं घर्षण वेगळं असेल, तर चारी सारख्याच जोराने आवळूनही पकड एका कोपऱ्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी राहते.

मग पहिला आक्षेप: ग्रीस लावलेला नट सुटणार नाही का? याचं उत्तर आट्याच्या चढात आहे. आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. ५ मिलिमीटरच्या बोल्टचा आटा एका फेऱ्यात ०.८ मिलिमीटर पुढे जातो, म्हणजे चढ सव्वातीन अंशांचा. एखादी वस्तू एवढ्या उतारावरून आपली आपण घसरायची तर घर्षण फारच कमी व्हावं लागेल. आकड्यांत सांगायचं तर घर्षणांक ०.०५ च्या खाली जावा लागेल. ग्रीस लावलेल्या पोलादाचा घर्षणांक ०.१० ते ०.१५ असतो. म्हणजे ग्रीस लावूनही सुटण्याला दुपटीने अडथळा शिल्लक आहेच, आणि डोक्याखालचं घर्षण त्यात अजून धरलेलं नाही. काळ्या सायकलच्या मागच्या चाकाचा आस तर याहून सुरक्षित. तो जुन्या इंग्रजी मापाचा, पाऊण इंचाच्या निम्म्या व्यासाचा आणि इंचाला २६ आटे असलेला असतो. त्याचा चढ जेमतेम दोन अंशांचा. वरळीच्या हिंद सायकल्सपासून लुधियानाच्या कारखान्यांपर्यंत आपल्याकडे काळी सायकल इंग्रजी नमुन्यावरच घडली, म्हणून हे बारीक आटे आपल्याकडे राहिले. जाता जाता सांगायला हवं की त्या आसावर १० मिलिमीटरचा बारीक आट्यांचा नट चढल्यासारखा वाटतो, पण त्याचे आटे अर्धेच अडकतात. तो सुटला तर दोष ग्रीसला देऊ नये.

तरीही नट सुटतात, हे कुणी नाकारणार नाही. का सुटतात याचं समाधानकारक उत्तर जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर याने १९६९ मध्ये दिलं. त्याने दाखवलं की बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांपेक्षा आडव्या दिशेने होणारी सरक अधिक घातक असते. जोडातल्या दोन वस्तू एकमेकींवर आडव्या सरकू लागल्या की आट्यांमधलं घर्षण त्या सरकण्यातच खर्ची पडतं, फिरण्याला अडवायला काही उरत नाही, आणि ताणलेला बोल्ट स्वतःच थोडा थोडा उलगडत जातो. यावरून उपायही ठरतो: वस्तू सरकूच नयेत एवढा दाब हवा, म्हणजेच पुरेसा ताण. कोरड्या नटात तोच कमी पडण्याचा धोका जास्त. पेटी लादलेल्या कॅरिअरचे खालचे दोन बोल्ट सतत का सुटतात ते आता कळेल. खड्ड्यातून जाताना कॅरिअरचा पाय फ्रेमच्या कानावर आडवा सरकतो, आणि गंजलेल्या आट्यांमुळे घट्ट वाटलेला बोल्ट प्रत्यक्षात त्याला दाबून धरत नसतो. युंकरच्या पद्धतीच्या चाचण्यांनी आणखी एक भ्रम दूर केला: कापलेली स्प्रिंग वॉशर आडव्या हादऱ्यांत फारसं काही वाचवत नाही. बोल्ट पुरेसा ताणला की ती वॉशर पूर्ण चपटी होते आणि तिच्या स्प्रिंगचं बळ बोल्टच्या ताणापुढे नगण्य असतं. आपल्याकडे नट सुटला की एक वॉशर वाढवायची सवय आहे. त्याऐवजी आटे घासून, ग्रीस लावून, खालचा रंग खरवडून तोच बोल्ट आवळला तर काम जास्त टिकतं.

इथे एक मर्यादा ठामपणे सांगायला हवी, नाहीतर हा सगळा युक्तिवाद वाहवत जाईल. ग्रीस तिथे लावायचं जिथलं घर्षण आवळण्याच्या आड येतं: आट्यांवर आणि नटाच्या किंवा डोक्याच्या खालच्या बाजूला. जिथलं घर्षण जोड धरून ठेवतं तिथे नाही. मागच्या चाकाचा आस फ्रेमच्या खाचेत दाबला जातो. साखळी त्याला उजवीकडून पुढे ओढते आणि त्याला जागेवर धरते ती त्या दोन पृष्ठांमधली पकड. तिथे तेल गेलं तर चाक तिरकं होतं. हँडलची नळी आणि तिला कवटाळणारी पकडही स्वच्छ हवी. सीट पिन मात्र या हवेत अपवाद करायला भाग पाडते, कारण पोलादाच्या नळीत बसवलेली ॲल्युमिनियमची पिन दोन पावसाळ्यांत निघेनाशी होऊ शकते. तिला पातळ थर लावावाच, आणि क्लँपचा बोल्ट नीट आवळावा. कार्बनच्या पिनेला मात्र ग्रीस नको, तिच्यासाठी बारीक कणांची वेगळी पेस्ट मिळते. काळ्या सायकलच्या क्रँकची कॉटर पिन तर वेगळ्याच तत्त्वावर चालते. ती पाचरीसारखी ठोकून बसते आणि तिची पकड पाचरीच्या उतारात असते. तिच्या टोकाचा छोटा नट फक्त ती मागे सरकू नये म्हणून असतो. नटाने ओढून कॉटर बसवायचा प्रयत्न केला की त्या बारीक आट्यांचा बळी जातो. क्रँकखाली आधार देऊन हातोडीने कॉटर बसवायची आणि मग नट जेमतेम आवळायचा, हीच योग्य पद्धत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ग्रीसमुळे ताण वाढतो, तर बोल्ट तुटण्याचा धोकाही वाढणार. हे बरोबर आहे, आणि म्हणूनच मी सुरुवातीला ‘मोजून’ म्हटलं. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं त्याचा अर्थ ८०० मेगापास्कलला तुटणारं आणि त्याच्या ८० टक्क्यांवर कायमचं लांबू लागणारं पोलाद. ५ मिलिमीटरच्या अशा बोल्टला ८,००० न्यूटनच्या वर नेण्यात शहाणपणा नाही. गिअरच्या सायकलींच्या भागांवर छापलेले टॉर्कचे, म्हणजे पिळाच्या जोराचे, आकडे सर्वसाधारणपणे तेल लावलेले आटे गृहीत धरून दिलेले असतात, त्यामुळे छापील आकडा ग्रीसला धार्जिणाच आहे; गडबड होते ती कोरड्या बोल्टच्या सवयीचा हात ग्रीस लावलेल्या बोल्टवर चालवल्याने. टॉर्क रेंच महाग आहे, प्रत्येक दुकानात ती असणार नाही, हेही खरं. पण मापाला तिचीच गरज नसते. मासळी बाजारात वापरतात तो लटकता काटा पान्याच्या टोकाला अडकवा आणि पान्याशी काटकोनात ओढा. बोल्टच्या मध्यापासून १० सेंटिमीटरवर ५ किलोचा ओढा म्हणजे जवळजवळ ५ न्यूटन-मीटर, स्टेमच्या बोल्टला पुरेसा. पायडलला ४० च्या आसपास लागतात. त्यासाठी २० सेंटिमीटरच्या पान्यावर २० किलो. दहा-वीस वेळा असं केलं की हाताला अंदाज येतो, आणि ग्रीस लावलेल्या आट्यांवर तो अंदाज विश्वासार्ह राहतो, कारण प्रत्येक बोल्टचं घर्षण आता सारखं असतं. पान्याला पाइप लावून जोर वाढवायची सवय मात्र सोडायला हवी.

‘एवढा खटाटोप कशाला, स्टेनलेसचे बोल्ट लावा’ हा किनाऱ्यावरचा नेहमीचा सल्ला. त्यात अर्धं तथ्य आहे. स्टेनलेस लाल गंज धरत नाही, पण बाजारात सहज मिळणारा एटू-७० प्रतीचा बोल्ट ४५० मेगापास्कललाच कायमचा लांबू लागतो, म्हणजे ८.८ च्या बोल्टपेक्षा बराच नरम. ५ मिलिमीटरला हे गणित सुमारे ६,४०० न्यूटनवर येतं, आणि ग्रीस लावून ५ न्यूटन-मीटरने आवळलं तर आपण नेमके तिथेच पोचतो. त्यामुळे स्टेमवर, ब्रेकवर मूळच्या पोलादी बोल्टच्या जागी आंधळेपणाने स्टेनलेस घालू नये. मडगार्ड, बाटलीचा पिंजरा, स्टँड यांना खुशाल घालावा. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट कोरडा आवळला तर आटे एकमेकांना खरवडून जागीच वितळल्यासारखे चिकटतात, आणि ॲल्युमिनियममध्ये बसवलेल्या स्टेनलेसने ॲल्युमिनियमची झीज थांबत नाही, उलट वाढते. म्हणजे स्टेनलेसला वंगण साध्या पोलादापेक्षा जास्तच लागतं.

वंगण कोणतं, हा प्रश्न त्या मानाने सोपा. रॉकेल धुवायला चांगलं, वंगणाला नाही. ते उडून जातं. डब्ल्यूडी-४० १९५३ मध्ये अमेरिकेत क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरचं पाणी हटवायला बनवलं गेलं. जाम नट सोडवायला ते उपयोगी, पण त्याचा थर पातळ असतो आणि पावसात टिकत नाही. घरातलं खोबरेल मध्यम उपाय, कारण ते धुऊन जातं. करडईचं तेल मात्र लावूच नये, हवेने ते सुकून चिकट होतं. बेअरिंगला वापरतात तेच साधं ग्रीस आट्यांना पुरतं. डबाभर नको, आट्यांच्या खाचा भरतील एवढंच, आणि बाहेर आलेलं पुसून टाकावं, नाहीतर त्यावर धूळ बसते. ज्या बोल्टच्या टोकावर कंपनीने निळा सुका थर दिलेला असतो, उदाहरणार्थ डिस्क ब्रेकच्या चकतीचे, त्यांना ग्रीस लावू नये. तो थर हवेविना, धातूच्या सान्निध्यात घट्ट होणारा चिकटवणारा पदार्थ आहे. तो फट भरतो, पाणी अडवतो आणि फिरणं रोखतो.

पायडलबद्दल एक शेवटचं, कारण तिथे ग्रीस हमखास वगळलं जातं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे सायकलवाल्यांना माहीत असतं. त्याचं कारण मात्र बहुधा चुकीचं सांगितलं जातं: बेअरिंगची ओढ. बेअरिंगच्या ओढीने पायडल फिरत असतं तर ते आटे नेमके सुटण्याच्या दिशेला पडले असते. खरं कारण असं की पायाचा दाब आसाभोवती फिरत राहतो, आस आपल्या भोकात किंचित सैल असतो, आणि फिरत्या दाबाखाली तो भोकाच्या कडेवरून उलट दिशेला लोळत जातो. हे बळ बेअरिंगच्या ओढीपेक्षा मोठं असतं आणि पायडल हळूहळू आवळत नेतं. म्हणून ग्रीस लावलेलं पायडल सुटेल ही भीती व्यर्थ आहे. ते चालवता चालवता घट्टच होणार आहे. उलट, कोरडं बसवलेलं पोलादी पायडल ॲल्युमिनियमच्या क्रँकमध्ये असंच आवळत गेलं आणि त्यात दोन पावसाळ्यांचं मीठ साचलं, तर ते काढताना क्रँकचे आटेच सोबत बाहेर येतात. मे महिन्याच्या शेवटी सायकल ओव्हरऑइलिंगला द्याल तेव्हा दोन्ही पायडल, सीट पिन आणि कॅरिअरचे बोल्ट काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवायला सांगा, आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा एकदा.